विश्लेषण : ओझोन यंत्राने घरातली हवा आणि पाणी शुद्ध होते का?

हिवाळ्यात शहरांवर धुरके दाटले की हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा खप वाढतो आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की जलशुद्धीकरण यंत्रांचा. या दोन्ही बाजारांत आता ओझोन यंत्रेही दिसतात. ऑनलाइन दुकानांत ती काही हजार रुपयांत मिळतात. खोलीतली हवा, पिण्याचे पाणी, भाजीपाला, कपाटातला कुबट वास अशा सगळ्यांवर हे एकच यंत्र चालते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. दम्याचा त्रास असलेले मूल किंवा वृद्ध आईवडील घरात असले की असा दावा लगेच पटतो. ओझोन जंतूंना मारतो हे खरे आहे. मात्र जंतू मरतील इतका ओझोन हवेत असेल, तर त्या हवेत माणसाने श्वास घेणे सुरक्षित नसते. पाण्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, पण तेही जाहिरातीत दिसते तितके सोपे नाही.

ओझोन म्हणजे नेमके काय?

आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा तिसरा अणू फार काळ टिकून राहत नाही. समोर येईल त्या पदार्थाशी तो संयोग पावतो आणि मागे साधा ऑक्सिजन उरतो. ओझोनची सगळी ताकद या क्रियेत आहे. जंतूंचे आवरण, रंग, दुर्गंधी निर्माण करणारे रेणू, रबर, कापडाचे धागे आणि श्वासनलिकेचे नाजूक अस्तर या सगळ्यांवर तो सारखाच तुटून पडतो.

जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान श्योनबाइन यांनी १८३९-४०च्या सुमारास बासेल येथे हा वायू ओळखला. त्याच्या उग्र वासावरून, ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून त्याला नाव मिळाले. वीज कडाडल्यानंतर किंवा जुन्या झेरॉक्स मशीनजवळ येणारा तीव्र वास हा ओझोनचाच. हवेच्या दहा कोटी भागांत काही मोजके भाग ओझोन असला, तरी अनेकांच्या नाकाला तो कळतो.

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो, म्हणून ‘ओझोन चांगला’ हे शाळेपासून मनात बसलेले असते. पण जमिनीलगतचा ओझोन हा प्रदूषक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या मानकांत धूलिकण, सल्फर डायऑक्साइड यांच्या रांगेत ओझोनचेही नाव आहे. शहरांच्या हवा गुणवत्ता निर्देशांकातही तो मोजला जातो.

घरातले यंत्र ओझोन कसा तयार करते?

बहुतेक यंत्रांत दोन विद्युतपट्ट्यांमध्ये काही हजार व्होल्टचा दाब दिला जातो आणि मधून हवा सोडली जाते. विजेच्या त्या सूक्ष्म ठिणग्यांमुळे ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. आकाशात वीज चमकताना जे घडते, तेच इथे छोट्या डबीत घडते. काही यंत्रांत १८५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण देणारा दिवा वापरतात. पाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या यूव्ही यंत्रातील दिवा मात्र २५४ नॅनोमीटरचा असतो, त्यातून ओझोन तयार होत नाही. म्हणून ‘यूव्ही’ आणि ‘ओझोन’ या गोष्टी एकच समजू नयेत.

विजेच्या या पद्धतीला कोरडी हवा लागते. मोठ्या प्रकल्पांत हवा आधी वाळवली जाते किंवा थेट ऑक्सिजन वापरला जातो. घरगुती यंत्र खोलीतलीच हवा ओढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा दमट असताना ओझोन कमी तयार होतो आणि नायट्रोजनची संयुगे व त्यांपासून नायट्रिक आम्ल बनू लागते. त्याने यंत्राचे भाग गंजतात. म्हणजे खोक्यावर लिहिलेली क्षमता ऋतूप्रमाणे बदलते आणि आपल्या यंत्रातून आज नेमका किती ओझोन निघतो आहे हे वापरणाऱ्याला समजत नाही.

ओझोन सोडल्याने हवा शुद्ध का होत नाही?

घरातल्या हवेतील सर्वांत त्रासदायक घटक म्हणजे सूक्ष्म धूलिकण. रस्त्यावरची धूळ, वाहनांचा धूर, उदबत्ती, फोडणीचा धूर यांतून ते येतात. ओझोन हा वायू आहे, गाळणी नव्हे. तो धूलिकण पकडत नाही की खाली बसवत नाही. पाळीव प्राण्यांचे केस किंवा परागकण यांच्या बाबतीतही तेच. बंद खोलीत गिझर किंवा शेगडीमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवरही त्याचा उपयोग होत नाही, कारण या दोन वायूंमधली क्रिया अत्यंत संथ असते.

राहिले जंतू आणि बुरशी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) याबाबतच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले आहे, की हवेतले जंतू निष्प्रभ व्हावेत आणि पुन्हा वाढू नयेत यासाठी ओझोनचे प्रमाण आरोग्याच्या मर्यादेच्या पाच ते दहा पट असावे लागते. ओल आलेल्या भिंतीच्या आत किंवा गादीच्या कापसात दडलेल्या बुरशीपर्यंत तर इतका ओझोनही पुरेसा पोहोचत नाही. पृष्ठभागावरची बुरशी मेली, तरी तिचे अवशेष तिथेच राहतात आणि तेही ॲलर्जीला कारण ठरतात. भिंतीत मुरणारे पाणी थांबवले नाही, तर बुरशी पुन्हा येतेच.

मग यंत्र लावल्यावर खोली ‘ताजी’ का वाटते? ओझोन दुर्गंधीचे काही रेणू मोडतो हे एक कारण. दुसरे असे, की त्याचा स्वतःचा उग्र वास इतर वासांना झाकतो. तिसरे कारण अधिक काळजीचे आहे. ओझोनच्या वासाला नाक काही वेळाने सरावते. वास येईनासा झाला म्हणजे वायू संपला, असा समज होतो. प्रत्यक्षात तो हवेत असतोच.

सुरक्षित मर्यादा किती आणि यंत्रातून निघतो किती?

भारताच्या मानकांनुसार बाहेरच्या हवेत ओझोनचे आठ तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, तर एका तासासाठी ही मर्यादा १८० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत आठ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम हाच आकडा दिला आहे. दहा लाख भागांत किती भाग, या ‘पीपीएम’च्या मापात सांगायचे तर हे प्रमाण साधारण ०.०५ पीपीएम होते.

आता एक साधा हिशेब करून पाहता येईल. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. या संपूर्ण खोलीत मर्यादेइतका ओझोन म्हणजे जेमतेम ३.४ मिलिग्रॅम. बाजारातल्या घरगुती यंत्रांच्या खोक्यावर ‘तासाला ४०० मिलिग्रॅम’ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले दिसतात. तासाला ४०० मिलिग्रॅम ओझोन देणारे यंत्र ३.४ मिलिग्रॅमचा हा टप्पा अवघ्या अर्ध्या मिनिटात गाठते.

अर्थात सगळा ओझोन साचून राहत नाही. भिंती, पडदे, गाद्या तो शोषतात आणि काही फटींतून बाहेर जातो. या सगळ्यांमुळे खोलीतली हवा तासाला चार वेळा पूर्ण बदलावी, इतक्या वेगाने ओझोन कमी होतो असे धरले, तरी ४०० मिलिग्रॅमचे यंत्र चालू असताना त्याचे प्रमाण मर्यादेच्या सुमारे ३० पटींवर स्थिरावते. तासाला १०० मिलिग्रॅमचे छोटे यंत्र असले, तरी ते सात पट भरते. खिडक्या बंद आणि एसी चालू असेल, तर आकडा याहून वाढू शकतो. उलट, प्रमाण मर्यादेच्या आत राहील इतके यंत्र मंद ठेवले, तर जंतूंवर परिणाम होत नाही. घरातल्या ओझोन यंत्राची ही मूळ अडचण आहे. यंत्र कितीही महाग असले तरी ती सुटत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

ओझोन श्वासावाटे आत गेला की श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो. घसा खवखवणे, कोरडा खोकला, खोल श्वास घेताना छातीत दुखणे, धाप लागणे, डोळे चुरचुरणे ही त्याची लक्षणे. दमा असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो आणि श्वसनमार्गाच्या संसर्गाशी लढण्याची शरीराची क्षमता घटते. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात, त्यामुळे त्यांना धोका अधिक. वृद्ध, दमेकरी आणि फुप्फुसांचे जुने आजार असलेले रुग्ण यांनाही हीच गोष्ट लागू होते.

म्हणजे ज्यांच्यासाठी यंत्र आणले जाते, त्यांनाच त्याचा त्रास सर्वाधिक होण्याची शक्यता असते. त्यातही फसगत अशी, की लक्षणे सर्दी-खोकल्यासारखी दिसतात. मुलाचा खोकला वाढला की ‘बाहेरची हवा खराब आहे’ म्हणून यंत्र आणखी वेळ चालू ठेवले जाते.

कारखान्यांत काम करणाऱ्या प्रौढ कामगारांसाठी अमेरिकेत ०.१ पीपीएम ही मर्यादा आहे. ५ पीपीएम हे प्रमाण तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने जिवाला तत्काळ धोक्याचे मानले आहे.

फरशीचे सुगंधी क्लीनर आणि ओझोन एकत्र आले तर?

ओझोनचा आणखी एक धोका जाहिरातीत कधीच नसतो. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासाच्या फरशी पुसण्याच्या द्रावणांत लिमोनिन नावाचा घटक असतो. पाइनच्या वासाच्या फिनेलमध्ये, रूम फ्रेशनरमध्ये आणि अनेक अत्तरांतही त्याच कुळातील घटक असतात. ओझोन या घटकांशी चटकन संयोग पावतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी त्रासदायक रसायने आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवले आहे.

म्हणजे सकाळी सुगंधी द्रावणाने फरशी पुसली आणि दुपारी ओझोन यंत्र चालवले, तर हवेत आधी नसलेले प्रदूषक घरातच तयार होतात. माणसाच्या त्वचेवरील तेलकट अंशाशीही ओझोनची अशीच क्रिया होते. शिवाय नैसर्गिक रबराला तो तडे पाडतो. गॅसच्या शेगडीची नळी, फ्रिजच्या दाराचे रबर, विजेच्या तारांची आवरणे अशा वस्तूंसाठी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग पाण्यासाठी ओझोन जगभर कसा वापरतात?

पाण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे ओझोन बंद टाकीत, मोजून आणि माणसांपासून दूर वापरला जातो. फ्रान्समधील नीस शहराने १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोनचा नियमित वापर सुरू केला. तेव्हापासून युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांनी ही पद्धत घेतली. लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम ओझोन चार मिनिटे टिकवून ठेवायचा, हा फ्रान्समध्ये रूढ झालेला नियम पुढे इतरत्रही आधार मानला गेला.

क्लोरीनला दाद न देणाऱ्या काही जंतूंवर ओझोन चालतो, हे त्याचे मोठे बलस्थान. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळाच्या पाण्यात शिरला. सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या काही रुग्णांचा मृत्यू झाला. या परजीवीचे कवच क्लोरीनला भीक घालत नाही. त्या घटनेनंतर शहराने कोट्यवधी डॉलर खर्चून जलशुद्धीकरण केंद्रांत ओझोनची व्यवस्था केली.

आपल्याकडेही बाटलीबंद पाण्याच्या लेबलावर ‘ओझोनाइज्ड’ किंवा तत्सम उल्लेख दिसतो. तिथे ओझोन हा शेवटचा टप्पा असतो. गाळलेले, क्षार कमी केलेले पाणी बाटलीत भरण्याआधी त्यात ओझोन सोडतात. तो पाण्याबरोबर बाटलीही निर्जंतुक करतो आणि थोड्या वेळात ऑक्सिजनमध्ये बदलतो. ग्राहकाच्या हाती बाटली येईपर्यंत त्यात ओझोन उरत नाही, चवही बदलत नाही.

घरच्या भांड्यात नळी सोडून तेच का साधत नाही?

घरगुती यंत्रात साधारणपणे फिश टँकमध्ये असतो तसा सच्छिद्र दगड नळीच्या टोकाला लावून पाण्यात सोडतात. बुडबुडे येतात, पाणी ‘शुद्ध’ होताना दिसते. पण ओझोन पाण्यात सहज विरघळत नाही आणि पाणी जितके कोमट तितका कमी विरघळतो. उथळ भांड्यात मोठे बुडबुडे झरकन वर येतात आणि बराचसा ओझोन पाण्यात न मिसळता स्वयंपाकघराच्या हवेत जातो. मोठ्या प्रकल्पांत टाक्या खोल असतात, बुडबुडे बारीक असतात आणि वर साचणारा वायू नष्ट करूनच बाहेर सोडला जातो. घरात यांपैकी काहीच नसते.

दुसरी अडचण गढूळपणाची. पाण्यात माती, शेवाळ किंवा सेंद्रिय घाण असेल, तर ओझोन आधी तिच्यावर खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही. पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा शुद्धीकरणाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच, तो कमी पडतो. पाण्यात प्रत्यक्ष किती ओझोन विरघळला हे मोजण्याची सोय घरगुती यंत्रात सहसा नसते. पंधरा मिनिटे बुडबुडे आले म्हणजे पाणी निर्जंतुक झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरी गोष्ट, ओझोन पाण्यातले क्षार काढत नाही. बोअरच्या पाण्याचा जडपणा, नायट्रेट, आर्सेनिक यांवर तो उपाय नाही. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात कितीही ओझोन सोडला, तरी ते तितकेच राहते. पाण्यात लोह असेल, तर ओझोनमुळे त्याचा तांबूस गाळ बनतो, पण तो काढायला पुढे गाळणी लागतेच.

समुद्राचे पाणी झिरपलेल्या विहिरींची अडचण आणखी वेगळी. अशा पाण्यात ब्रोमाइड असते आणि ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट बनते. ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी कडक मर्यादा सुचवली आहे. मोठ्या प्रकल्पांत ते तपासले जाते. घरात तपासणार कोण, हा प्रश्नच आहे.

ओझोन वापरल्यावर क्लोरीनची गरज संपते का?

नाही. ओझोन पाण्यात काही मिनिटांतच विरून जातो. नंतर पाइपलाइनमध्ये, गच्चीवरच्या टाकीत किंवा माठात जंतू शिरले, तर त्यांना अडवायला काही उरत नाही. इतकेच नव्हे, तर पाण्यातील मोठे सेंद्रिय रेणू ओझोन तोडतो आणि त्यांचे लहान तुकडे जंतूंना खाद्य म्हणून सोयीचे ठरतात. म्हणून ओझोन वापरणारी बहुतेक केंद्रे नंतर पाणी कार्बनच्या थरातून नेतात आणि शेवटी थोडा क्लोरीन घालतात.

भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवा. गावोगावी ग्रामपंचायती पाण्यात टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी टेस्ट घेतात, ती याचसाठी. या चाचणीत पाण्याला पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात.

पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जीवाणू सापडला. पाणी विकणारे काही खासगी आरओ प्रकल्पही महापालिकेने बंद केले. त्या वेळी प्रशासन आणि डॉक्टरांचा सल्ला साधा होता : पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा. यंत्रातून निघालेले पाणीही पुढे साठवताना, वाहून नेताना पुन्हा दूषित होऊ शकते, हे त्या प्रकरणाने दाखवले.

भाजीपाला आणि फळे ओझोनच्या पाण्यात धुवावीत का?

अन्नप्रक्रिया उद्योगात ओझोनचा वापर होतो आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २००१ मध्ये त्याला मान्यता दिलेली आहे. ओझोनमिश्रित पाण्याने फळे-भाज्यांच्या पृष्ठभागावरचे जंतू कमी होतात आणि काही कीटकनाशकांचे अंशही मोडतात. पण जी कीटकनाशके झाडात शोषली जाऊन फळाच्या किंवा पानाच्या आत गेलेली असतात, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. ‘भाजी पूर्णपणे रसायनमुक्त’ हा दावा त्यामुळे टिकत नाही.

वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे, कोबीची बाहेरची पाने काढणे आणि पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढणे यांनी माती, जंतू आणि पृष्ठभागावरचे बरेचसे अंश निघून जातात. त्याला वीज लागत नाही आणि स्वयंपाकघरात वायूही पसरत नाही. भाजी धुण्याचे ओझोन यंत्र वापरायचेच असेल, तर खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा सुरू हवा. यंत्र चालू असताना ओट्याजवळ उभे राहू नये.

इतर देशांनी याबाबत काय केले?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २००६ मध्ये कायदा करून घरातील हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५ पीपीएमची मर्यादा घालण्याचा मार्ग मोकळा केला. २०१० पासून ही मर्यादा ओलांडणारी यंत्रे तिथे विकता येत नाहीत. प्रमाणित यंत्रांची यादी राज्याचे हवा मंडळ प्रसिद्ध करते. कॅनडाच्या आरोग्य विभागानेही घरात ओझोन यंत्रे वापरू नयेत असा सल्ला दिला आहे.

दाव्यांबाबतही कारवाई झाली आहे. अमेरिकेतील अल्पाइन इंडस्ट्रीज ही कंपनी ओझोन यंत्रांबाबत पुरावा नसलेले दावे करत असल्याचे प्रकरण तेथील व्यापार आयोगाने लावून धरले. २००१ मध्ये न्यायालयाने कंपनीला जवळपास १५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांसाठीची सीपॅप यंत्रे ओझोनने स्वच्छ करणाऱ्या उपकरणांबाबत एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. आपल्याकडील राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत. घरात काय विकत आणायचे आणि ते कसे वापरायचे याची दक्षता ग्राहकालाच घ्यावी लागते.

हवेसाठी ओझोनचा योग्य उपयोग कुठेच नाही का?

आहे, पण माणसे नसलेल्या जागेत. आग लागून गेलेली खोली, सिगारेटचा वास मुरलेली गाडी, कुजका वास येणारे गोदाम अशा ठिकाणी प्रशिक्षित कामगार जागा रिकामी करून ओझोन सोडतात. माणसे, पाळीव प्राणी, झाडांच्या कुंड्या बाहेर काढल्या जातात, दारे बंद केली जातात आणि काम झाल्यावर जागा पुरेशी हवेशीर करूनच आत प्रवेश दिला जातो. गाडीवर असे काम करून घेतले, तर सगळ्या काचा उघडून, वास पूर्ण गेल्यावरच गाडीत बसावे. मुलांना लगेच बसवू नये.

यंत्र घेताना काय पाहावे आणि त्याऐवजी काय करावे?

‘ओझोन’ हा शब्द खोक्यावर नसेलही. ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’, ‘ट्रायऑक्सिजन’, ‘एनर्जाइज्ड ऑक्सिजन’, ‘डोंगरावरची ताजी हवा’ अशा नावांखाली तोच वायू असू शकतो. ‘तासाला इतके मिलिग्रॅम’ असा आकडा दिसला, तर ते ओझोन सोडणारे यंत्र आहे असे समजावे. ‘आयोनायझर’ किंवा ‘प्लाझ्मा’ तंत्र असलेल्या काही एअर प्युरिफायरमधूनही थोडा ओझोन निघतो. त्यात हे बटण वेगळे असेल, तर ते बंद ठेवून फक्त फिल्टर चालवता येतो.

हवेसाठी आधी धुराचे मूळ कमी करणे महत्त्वाचे. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावावा, बंद खोलीत उदबत्ती-धूप व मच्छर कॉइल टाळावी, भिंतीची गळती दुरुस्त करावी आणि बाहेरची हवा बरी असेल त्या वेळी खिडक्या उघडाव्यात. प्युरिफायर घ्यायचाच असेल, तर हेपा फिल्टरचा घ्यावा. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणे हा या फिल्टरचा निकष आहे. वासासाठी कार्बनचा थर असलेला फिल्टर उपयोगी पडतो. यंत्राची क्षमता खोलीच्या आकाराला पुरेशी आहे का आणि फिल्टर बदलण्याचा खर्च किती, हे दुकानातच विचारावे.

पाण्यासाठी आधी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी, कारण अडचण जंतूंची आहे की क्षारांची, यावर उपाय अवलंबून असतो. केवळ जंतूंची भीती असेल, तर पाणी गाळून खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. क्लोरीनच्या गोळ्या किंवा यूव्ही यंत्रही चालते, मात्र यूव्हीसाठी पाणी स्वच्छ दिसणारे हवे. क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तर आरओ किंवा त्या त्या घटकासाठीची यंत्रणा लागते. कोणतीही पद्धत घेतली, तरी साठवणीचे भांडे झाकलेले हवे, पाणी ओगराळ्याने किंवा नळाने घ्यावे आणि गच्चीवरची टाकी ठरावीक काळाने धुवावी.

यंत्र आधीच घरात असेल तर?

माणसे असलेल्या खोलीत ते चालवू नये. ‘फक्त रात्री’ किंवा ‘फक्त मुलांच्या खोलीत’ चालवणे सर्वांत वाईट, कारण त्या वेळी दारे-खिडक्या बंद असतात आणि श्वास तासन्‌तास त्याच हवेत चालू असतो. घरात झेरॉक्सच्या दुकानासारखा तीव्र वास आला, तर यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि काही वेळ बाहेर जाऊन थांबावे. यंत्र आणल्यापासून घरात कोणाचा खोकला वाढला असेल, छाती भरून येत असेल किंवा दम्याचा पंप जास्त वेळा लागत असेल, तर ते यंत्र लगेच बंद करावे आणि डॉक्टरांकडे गेल्यावर घरात ओझोन यंत्र वापरत होतो, हे आवर्जून सांगावे.